राणीछाप रुपयाचे खरे वर्णन

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्याकडे अनेक घरांत कपाटातल्या डबीतून चांदीचे रुपये बाहेर निघतात. चिंच, राख किंवा रांगोळी लावून ते लख्ख होईपर्यंत घासले जातात, त्यांवर हळदकुंकू वाहिले जाते आणि पूजा आटोपली की ते पुन्हा वर्षभरासाठी डबीत जातात. पूजेच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही. मात्र त्यांतला एखादा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची छबी असलेला, रुपया जेव्हा ऑनलाइन लिलावात विक्रीला येतो, तेव्हा इतक्या वर्षांच्या त्या घासण्याचा हिशोब द्यावा लागतो, कारण टाकसाळीतून बाहेर पडताना नाण्याच्या अंगावर जी मूळ झळाळी असते, ती एकदा घासून गेली की कोणत्याही उपायाने परत येत नाही. छायाचित्रात नेमके हेच घासलेले नाणे सर्वांत चमकदार दिसते. नवशिक्याला ते कोरे वाटते आणि विकणाऱ्याने खाली ‘अगदी नव्यासारखे’ एवढे दोनच शब्द लिहिले, तरी फसवणूक पूर्ण होते.

माझ्या संग्रहातली दुबार नाणी मी गेली बारा वर्षे अशा लिलावांतून विकतो आहे. छायाचित्राखाली लिहायच्या त्या चार ओळींविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे, कारण या व्यवहारातला सगळा प्रामाणिकपणा माझ्या मते त्या चार ओळींत असतो.

पूर्वी सराफाच्या पेढीवर रुपया आला की तो दगडावर वाजवून पाहत असत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा, अशी ती परीक्षा होती. आजही नाणे हातात असेल तर पारख करता येते. ब्रिटिश अमलातल्या, १८३५ ते १९३९ या काळातल्या, रुपयाचे वजन सुमारे ११.६६ ग्रॅम असते आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी असते. तराजू आणि भिंग जवळ असले तर निम्म्या शंका तिथेच मिटतात. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे, म्हणून १९३८ च्या रुपयावरील शेवटचा आकडा कोरून ‘८’ चा ‘९’ करण्याचे उद्योग झालेले आहेत, आणि भिंगाखाली त्या आकड्याभोवतीचे ओरखडे बहुधा दिसतात. पडद्यावर मात्र नाणे वाजत नाही, त्याचे वजन करता येत नाही, ते कलते धरून प्रकाशात फिरवता येत नाही. दूरच्या ग्राहकाजवळ दोन छायाचित्रे आणि विकणाऱ्याचा शब्द एवढेच असते.

लिलावातल्या खोटेपणाचा आणखी एक गुण सहसा लक्षात येत नाही. बोली लावणारा आपली कमाल रक्कम नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने, समोरच्यापेक्षा एक पायरी वर, एवढीच बोली वाढवत जाते. म्हणजे अखेरची किंमत ठरते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवरून. ‘नव्यासारखे’ या शब्दांवर विश्वास ठेवणारे दोघे जण भेटले की नाण्याचा भाव दुप्पट होतो, आणि दोघांपैकी जो हरतो, तो आपल्याला तो रुपया मिळाला नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी वर जातो. विकणाऱ्याने भाच्याच्या किंवा मित्राच्या नावाने खोटी बोली लावली तर दुसऱ्या फसणाऱ्याचीही गरज उरत नाही. ही चोरी आहे आणि तिला दुसरे सौम्य नाव देण्याची मला इच्छा नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आपल्याकडे रुपयाला कडी डाखून तो गळ्यात घालण्याची जुनी चाल होती, आणि पुढे गरज पडली की कडी काढून तेच रुपये मोडीला किंवा बाजारात येत. कडेवर डाखाची खूण राहते, दात्यांची रेघ तेवढ्या जागी तुटते. मी विकलेल्या एका रुपयावर अशी खूण होती. छायाचित्र मी दोन्ही बाजूंचे काढले होते, कडेचे काढले नव्हते. वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता, कारण मी कड नीट पाहिलीच नव्हती. नागपूरच्या ज्या गृहस्थांनी तो घेतला, त्यांनी फोन करून अत्यंत सभ्यपणे विचारले, “आपण हे पाहिले नव्हते, की सांगितले नाही?” पैसे मी त्याच दिवशी परत केले, टपालखर्चही दिला, पण तो प्रश्न मनातून गेला नाही, कारण ग्राहकाच्या जागेवरून पाहता त्या दोन गोष्टींत काहीच फरक नसतो.

त्यानंतर मी दोष सविस्तर लिहू लागलो, तर एक नवीच अडचण उभी राहिली. ‘कडेवर डाखाची खूण, पृष्ठभाग घासलेला, उजवीकडे खोच’ अशी यादी लोक वाचतच नव्हते. औषधाच्या वेष्टनावरील सूचनेसारखी ती नजरेखालून निघून जाई, आणि नाणे हाती पडल्यावर तक्रार येई. मग एकदा मी लिहिले: ‘या रुपयाने बहुधा अनेक वर्षे कुणा आजीच्या गळ्यात काढली आहेत. राणीच्या मुकुटाच्या बरोबर वर, कडेला, कडी डाखल्याची जागा स्पष्ट दिसते, आणि कडी काढताना सोनाराने राणीची भीड ठेवलेली नाही. तिसरे छायाचित्र त्याचेच आहे.’ हे मात्र सर्वांनी वाचले. बोली नेहमीपेक्षा कमी गेली, ती तशीच जायला हवी होती, आणि घेणाऱ्याने कळवले की नाणे वर्णनाबरहुकूम आहे.

विनोदाची जागा मला तिथे सापडली. विनोद ग्राहकाचे बोट धरून त्याला दोषापाशी नेतो, तेव्हा तो प्रामाणिकपणाचाच एक प्रकार असतो. नजर दोषावरून दुसरीकडे वळवणारा विनोद मात्र वाईट. ‘मला नाण्यांतले ओ की ठो कळत नाही, आजोबांच्या ट्रंकेत सापडले, जाणकारांनीच ठरवावे’ हे वाक्य गमतीचे आणि निरागस वाटते. पण असे लिहिणाऱ्याची इतर विक्री आपण अवश्य उघडून पाहा. दर आठवड्याला तेच आजोबा आणि तीच ट्रंक दिसली, तर तिथे बोली लावू नका.

काही नाणी विनोद स्वतःच घेऊन येतात. १९११ साली पाचव्या जॉर्जचा जो रुपया निघाला, त्यावर राजाच्या अंगावरील मानचिन्हात एक हत्ती होता. त्याची सोंड आणि पाय इतके आखूड उमटले की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावर मोठी नाराजी झाली, बरीचशी नाणी मागे घेऊन वितळवण्यात आली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. संग्राहकांत तो आजही ‘डुकरी रुपया’ म्हणून ओळखला जातो आणि पुढच्या सालांच्या रुपयांपेक्षा त्याला कितीतरी जास्त किंमत येते. ही हकिकत सांगून नाणे विकण्यात मला आनंद वाटतो. पण ती सांगताना साल स्वच्छ दिसणारे छायाचित्र द्यावे, कारण झिजलेल्या १९१२ च्या रुपयालाही हीच गोष्ट चिकटवून विकणारे लोक आहेत.

जिथे हसू नये, अशीही एक जागा आहे. १६१६ किंवा १८१८ असे साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव घालून, राम दरबार किंवा हनुमान कोरलेले तांब्याचे जे ‘आणे’ लाखो रुपयांना मागितले जातात, ती कंपनीची नाणी नाहीत. ती अलीकडे पाडलेली आहेत. त्यांतलेच काही तांदळाचे दाणे ओढून घेतात असे सांगून ‘राइस पुलर’ म्हणून विकले जातात, आणि त्यापायी लोकांनी आयुष्यभराची बचत घालवली आहे. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी कर किंवा कमिशन भरा, असा फोन आला तर तो तत्काळ बंद करावा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की ती असल्या व्यवहारांत नसते आणि त्यांसाठी कोणाकडूनही शुल्क मागत नाही.

परदेशी असलेली आपली मुले, भाचरे कधीकधी एखादे जुने नाणे पाठवा म्हणून आग्रह धरतात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पाकिटावर ‘स्मृतिचिन्ह’ लिहून ते पाठवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. माझ्या वर्णनाखाली ‘फक्त भारतात’ एवढे लिहिलेले असते, आणि अमेरिकेतल्या माझ्या पुतणीलाही मी तेच उत्तर दिले आहे.

येत्या रविवारच्या लिलावासाठी माझ्यासमोर आता एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, आहे. तांब्याचा तुकडा लहान, ठसा त्याहून मोठा आणि घाव हाताचा, त्यामुळे शिवराईवर संपूर्ण मजकूर क्वचितच उमटतो; काठावरच्या ठिपक्यांसकट सगळी अक्षरे ठळक असलेली गुळगुळीत शिवराई दिसली, तर ती साच्यात ओतलेली नक्कल असण्याचीच शंका आधी घ्यावी. माझ्या शिवराईचे वर्णन मी काल रात्री लिहून ठेवले, ते वाचून दाखवतो: ‘एका बाजूला “राजा” पूर्ण आहे, “शिव” मधला “शि” वाचता येतो, “व” साठी तांबे पुरलेले नाही. “श्री” नाण्याच्या बाहेर राहिली आहे. ती घेणाऱ्याने मनात म्हणावी. मागे “छत्र” ठळक आहे, “पति” चा वरचा भागच दिसतो. डाव्या कडेला हिरवट गंज आहे, तो मी काढलेला नाही, आपणही चिंच लावू नये. कड धरून तीन छायाचित्रे.’

नमस्कार.