सात रस्त्याचा तुरुंग आणि शिक्षेची वर्षे

[दृश्य: सायंकाळची लोकल, दारात दाटलेले प्रवासी, रुळांच्या कडेचे खांब]

सायंकाळच्या गर्दीत लोकल सिग्नलसाठी मंदावते, दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर खालून काठीचा फटका बसतो आणि त्याचा मोबाईल रुळांच्या कडेला जाऊन पडतो. तो उचलून पळणाऱ्यांना मुंबईकर 'फटका गँग' म्हणतात. हातातली वस्तू वाचवण्याच्या प्रयत्नात तोल जाऊन प्रवाशांनी हातपाय गमावले आहेत, काहींनी जीवही गमावला आहे. त्यामुळे या गुन्ह्याला आणखी कडक शिक्षा हवी असे एखादा प्रवासी संतापून म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने वस्तू हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. त्याला कमाल शिक्षा तीन वर्षांची आहे. साध्या चोरीलाही तीनच वर्षांची आहे; फरक इतकाच, की साध्या चोरीत न्यायालय केवळ दंडावर भागवू शकते आणि हिसकावण्याच्या गुन्ह्यात तशी सोय नाही. हा फरक वकिलांना ठाऊक असतो. रुळांलगत काठी घेऊन उभ्या असलेल्या पोराला तो ठाऊक असेल, असे मानणे कठीण आहे. त्याचा हिशेब साधा असतो: गाडी पुढे निघून जाईल, प्रवासी उतरू शकणार नाही, आणि मोबाईल रात्रीपर्यंत विकला जाईल. या हिशेबात शिक्षेच्या वर्षांना जागाच नाही, आहे ती पकडले जाण्याच्या शक्यतेला.

ही गोष्ट आजची नव्हे. १७६४ साली मिलान शहरातल्या एका तरुण विचारवंताने लिहून ठेवले होते, की शिक्षा सौम्य असली तरी ती चुकणार नाही याची खात्री माणसाला जितकी आवरते, तितकी सुटण्याची आशा शिल्लक ठेवणारी भयंकर शिक्षा आवरत नाही. तरीही गुन्हा वाढला की विधिमंडळे वर्षे वाढवतात. याचे कारण सरळ आहे. वर्षे वाढवायला एक दुरुस्ती विधेयक पुरते. पकडले जाण्याची शक्यता वाढवायला पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सरकारी वकील आणि न्यायाधीश लागतात, आणि त्यांचा पगार दरमहा द्यावा लागतो.

[दृश्य: गिरणगाव, बंद धुराडी, त्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे]

कडक कायद्याच्या बाजूने मुंबईत नेहमी दिला जाणारा दाखला मोक्काचा, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा, असतो आणि तो सहज बाजूला सारण्याजोगा नाही. १९९७ साली या शहरात जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत आणि ऑगस्टमध्ये गुलशन कुमार यांच्या हत्या झाल्या. खंडणीचे फोन व्यापारी आणि चित्रपट निर्मात्यांच्या घरी नित्याचे झाले होते. १९९९ साली महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला. किमान पाच वर्षांची शिक्षा, अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य, आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंतची मुदत, आणि जामीन जवळजवळ अशक्य, अशी त्याची रचना होती. पुढच्या दहा वर्षांत टोळीयुद्ध ओसरले, हे कोणीही मुंबईकर सांगेल.

परंतु त्या काळात आणि त्याच्या आधीच्या वर्षांत आणखी काय काय घडत होते? सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला, पुढे आयातीवरची बंधने सैल झाली आणि ज्या तस्करीवर टोळ्या पोसल्या गेल्या होत्या, तिच्यातला नफाच आटला. १९९८ साली चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळाला आणि निर्मात्यांना बँकेच्या दारात उभे राहण्याची वाट मोकळी झाली. टोळ्यांचे म्होरके आधीच परदेशात गेले होते. १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांच्या घरांतून टोळ्यांना मिळालेली तरुण पोरे आता चाळिशीकडे झुकत होती. शिवाय याच काळात पोलीस चकमकींत अनेक जण मारले गेले. त्या चकमकींचे श्रेय कुठल्याही कायद्याला देता येत नाही, कारण त्यांतल्या कित्येकांवर कायदा मोडल्याचेच आरोप झाले. इतकी कारणे एकत्र आलेली असताना एकट्या मोक्काच्या गळ्यात माळ घालणे घाईचे ठरेल.

माझ्या मते मोक्काचा परिणाम झाला असेलच, तर तो शिक्षेच्या वर्षांमुळे झालेला नाही. खटला चालू असताना टोळीतला माणूस बाहेर येत नाही आणि साक्षीदाराच्या दारात उभा राहू शकत नाही, हे त्या कायद्याचे खरे बळ आहे. मात्र निर्दोष माणसालाही हेच बळ तितक्याच जोराने दाबते. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली १९८५ ते १९९५ या काळात देशभरात सुमारे पाऊण लाख माणसे धरली गेली आणि त्यांतल्या दोन टक्क्यांवरही दोष सिद्ध झाला नाही, हे विसरून मोक्काचे गुणगान करता येणार नाही.

[दृश्य: महालक्ष्मी स्थानकालगतची ओसाड गिरणी, पावसाळी झाडोरा]

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अवघ्या २९ दिवसांत अहवाल दिला. बलात्कारासाठी फाशीची शिफारस समितीने केली नव्हती. सरकारने मात्र ३ फेब्रुवारी २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत, दुसऱ्यांदा हाच गुन्हा करणाऱ्यासाठी फाशीची तरतूद ठेवली. त्यानंतर सहा महिने उलटतात न उलटतात तोच, जुलै आणि ऑगस्टमध्ये शक्ती मिलच्या आवारात सामूहिक बलात्काराचे दोन गुन्हे घडले. देशातला नवा, कठोर कायदा त्या वेळी पुस्तकात होता आणि वर्तमानपत्रांत रोज गाजत होता. पहिल्या पीडितेची तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचली ती ऑगस्टमधल्या घटनेचे आरोपी पकडले गेल्यानंतर. मधल्या काळात आरोपींना अनुभवाने एकच गोष्ट शिकवली होती, की काहीही होत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना त्या नव्या कलमाखाली फाशी सुनावली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मरेपर्यंतच्या जन्मठेपेत बदलली. त्याच्या पुढच्याच महिन्यात राज्य विधिमंडळाने पुन्हा फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

आकडे इथे सावधपणे वाचले पाहिजेत. देशात बलात्काराचे २०१२ साली २४,९२३ गुन्हे नोंदले गेले आणि २०१३ साली ३३,७०७. कायदा कठोर झाला आणि गुन्हे वाढले, असा अर्थ काढणे चूक आहे, कारण गुन्ह्याची व्याख्या रुंदावली होती आणि स्त्रिया तक्रारीला पुढे येऊ लागल्या होत्या. पण २०१९ साली दोषसिद्धीचे प्रमाण २८ टक्क्यांच्या आतच होते. आणि आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला, नात्यातला असतो. त्याला फाशी होईल या भीतीने घरातल्याच माणसांनी मुलीला गप्प बसवले, तर ती कठोर शिक्षा कुणाच्या कामी आली?

अमली पदार्थांचा कायदाही याच वाटेने गेला. १९८५ च्या कायद्यात किमान दहा वर्षे होती, आणि थोडासा माल घेऊन फिरणारा पोऱ्या व मोठा व्यापारी जवळजवळ एकाच तागडीत तोलले जात. अखेर २००१ साली प्रमाणानुसार पायऱ्या आखाव्या लागल्या. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. चोर आत गेला की त्याच्या चोऱ्या थांबतात, हे खरे आहे. विकणारा आत गेला की त्याच्या नाक्यावर आठवडाभरात दुसरा उभा राहतो, हेही तितकेच खरे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९४ साली तिसऱ्या गुन्ह्याला २५ वर्षे ते जन्मठेप असा कायदा केला. गुन्हे कमी झाले. पण असा कायदा नसलेल्या न्यूयॉर्कमध्येही ते कमी झाले, आणि १९९९ नंतर तिथल्या तुरुंगांतली माणसेही कमी होत गेली. २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच आपला कायदा सौम्य केला.

[दृश्य: सात रस्ता, मोनोरेलचा उंच मार्ग, तुरुंगाची भिंत]

ही आर्थर रोड तुरुंगाची भिंत. रस्त्याचे आताचे नाव साने गुरुजी मार्ग, ज्या साने गुरुजींनी स्वतः नाशिकच्या तुरुंगात दिवस काढले होते. इथली अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे आणि अलीकडच्या वर्षांत आत तीन हजारांहून अधिक माणसे राहिली आहेत. त्यांतले बहुतेक 'कच्चे' कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कैदी कच्चेच होते. कायदा किती कठोर, याची चर्चा आपण शिक्षेच्या वर्षांत करतो. इथे मात्र शिक्षा ठरण्याआधीच वर्षे भोगून होतात. जामीन मंजूर झाला तरी हमीदार लागतो, हमीदाराला रेशनकार्ड आणि मिळकतीचा कागद लागतो, आणि बिहार किंवा मराठवाड्यातून येऊन फुटपाथवर झोपणाऱ्या पोराला मुंबईत असा हमीदार मिळणार कुठून? बॅरेकमध्ये त्याच्या शेजारी झोपतो तो मुरलेला गुन्हेगार. तो पुढच्या खेपेसाठी ओळखी देतो, वेळप्रसंगी वकीलही देतो.

फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. हमीदार लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हा लाभ देण्यास सांगितले. तीन वर्षांच्या गुन्ह्यात हा काळ एक वर्षाचा होतो. मात्र त्याच कलमात एक पोटकलम आहे: ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्ह्यांचे खटले प्रलंबित आहेत, त्याला अशा तऱ्हेने सोडता येत नाही. फटका गँगचा पोरगा पकडला जातो तेव्हा त्याच्या नावावर सहसा दोन-तीन मोबाईल असतात.

[दृश्य: तुरुंगाच्या फाटकासमोर मुलाकातीसाठी लागलेली रांग, पिशव्या घेतलेल्या बायका]