घरातला नवसागर

(दृश्य : निळं पिंप. बारीक नळीतून पाणी पडतंय.)

हे पाणी समुद्राचं नाही. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या टाकीतून चौथ्या मजल्यावर चढलेलं साधं नळाचं पाणी आहे. अकरा आठवड्यांनी याच पाण्यात समुद्राचे दोन मासे पोहणार आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून मे उजाडेपर्यंत जमेल तसं आम्ही हे सगळं टिपत गेलो. घरात पहिल्यांदाच खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो चालतो, माशाच्या कल्ल्यांना तो भाजतो. फॉस्फेट आणि सिलिकेट असतील तर शेवाळाला आयतं खाद्य मिळतं. म्हणून पाणी आधी क्लोरीन अडवणाऱ्या कार्बनच्या गाळणीतून जातं, मग आरओच्या पडद्यातून आणि शेवटी उरलेसुरले क्षार टिपणाऱ्या या रंगीत मण्यांच्या नळकांड्यातून, ज्याला डीआय म्हणतात. स्वयंपाकघरातला आरओ इथे पुरत नाही, कारण प्यायच्या पाण्याला चव राहावी म्हणून त्यात थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. आता पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं हे मीटर बघा. शून्य. हा आकडा दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

१६० लिटर गोळा व्हायला दोन दिवस लागले. आरओने बाहेर टाकलेलं पाणी आईने बादल्यांत धरलं. लादी त्याच पाण्याने पुसली गेली, कुंड्यांनाही तेच घातलं.

(दृश्य : लोकलच्या खिडकीतून मिठागरं. पांढरे ढीग.)

भाईंदर ते नायगावच्या पट्ट्यात गाडीतून ही मिठागरं दिसतात. ती बघून माझ्या भाच्याने विचारलं, "मामा, हेच मीठ आणून पाण्यात टाकलं तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. समुद्राचंच पाणी आहे आणि समुद्राचंच मीठ आहे. पण मिठागरात काय होतं ते बघा. वाफ्यात पाणी आटायला लागलं की चुना आणि जिप्सम आधी खाली बसतं. मग खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, खड्यांच्या रूपाने धरतं. मॅग्नेशियम मात्र उरलेल्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी काढून टाकतात. आपल्या बरणीत येतो तो समुद्राचा एक वाटा. माशांना आणि विशेषतः प्रवाळांना सगळेच वाटे लागतात : कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेलं मीठ घ्यावं लागतं. आम्ही १६० लिटरला सहा किलो घातलं.

ते टाकीत घालायचं नाही, पिंपातच घालायचं. हे पाणी दुधासारखं पांढरं झालंय ना, ते बिघडलेलं नाही. पंप चालू ठेवा, रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी असं निवळशंख होतं.

शेजारच्या काकांनी आपुलकीने सुचवलं होतं, "गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणा की, फुकट आहे." मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, त्यात सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणाही उतरतो. ते घरी आणायचं नाही.

(दृश्य : रिफ्रॅक्टोमीटरमधून. वर निळं, खाली पांढरं, मध्ये रेघ.)

हे रिफ्रॅक्टोमीटर, पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र. काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळं आणि पांढरं जिथे भेटतं, तिथला आकडा वाचायचा. ३५. म्हणजे हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार, खुल्या समुद्राइतके. भाच्याने हे तेरा वेळा पाहिलं. आम्ही त्यातलं एकच ठेवलं आहे.

(दृश्य : रिकामी काचेची टाकी. त्यावर पाणसळ.)

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी, दगड, वाळू, काच सगळं धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं. म्हणून ती तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला तेव्हाच पहिली बादली ओतली. स्टॅण्ड एका बाजूला कलला असेल तर काचेचा जोड एका कोपऱ्यात ताण घेतो.

आता दगड. हे चुनखडीचे सच्छिद्र, कोरडे दगड आहेत, दुकानातून विकत आणलेले. किनाऱ्यावरून उचललेले नाहीत. यावर मला थोडं थांबायचं आहे.

(दृश्य : मालवण. पाण्याखाली प्रवाळ, त्यावर उन्हाची जाळी.)

हे मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात आपल्या महाराष्ट्राच्या पाण्यात असे प्रवाळ आहेत. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. हा हिरवट-तपकिरी गोळा दगड दिसतो, पण तो जिवंत आहे. हजारो छोट्या प्राण्यांनी मिळून बांधलेली ही वसाहत आहे. २००१ पासून हे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. तोडणं, विकणं, घरी ठेवणं, सगळंच गुन्हा. कुणी दुकानात "लाइव्ह रॉक" म्हणून किनाऱ्यावरून काढलेला दगड दाखवला, तर हे चित्र आठवा आणि पुढे चला.

कोरड्या दगडाला वेळ लागतो, पण त्यावर कुठल्याही समुद्राचं देणं नसतं.

(दृश्य : टाकी भरलेली. दगड, वाळू, पाणी. मासे नाहीत.)

टाकी भरली. लाटा करणारे पंप चालू झाले. आई समोर खुर्ची घेऊन बसली आणि म्हणाली, "अरे, मासे कधी येणार?"

पाच आठवड्यांनी त्यांची तयारी सुरू होईल, असं सांगितलं.

सात वर्षांपूर्वी मी थांबलो नव्हतो. दुकानदाराने एकाच दिवशी टाकी, मीठ आणि पाच मासे दिले. आठ दिवसांत पाचही गेले.

काय झालं होतं ते आता समजावून सांगतो. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. समुद्रात तो पसरून जातो. टाकीत तो साठतो. खाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असतो, त्यामुळे अमोनियाचा विषारी भाग इथे गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त असतो. तो संपवणारे जीवाणू असतात, पण नव्या टाकीत ते नसतातच म्हटलं तरी चालेल. त्यांना आधी वाढवावं लागतं. उपाशी ठेवून ते वाढत नाहीत, त्यांना अमोनियाच खायला द्यावा लागतो.

(दृश्य : तराजूवर पांढरी पूड. एक ग्रॅम.)

ही पूड म्हणजे अमोनियम क्लोराईड. आपल्या भाषेत नवसागर. पूर्वी दारात कल्हईवाला यायचा, तापल्या पातेल्यात चिमूटभर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तोच हा नवसागर. आई डबी हातात घेऊन वास घ्यायला गेली, कारण तिला तो धूर आठवला. आम्ही घेतलेला मात्र प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा आहे, कल्हईचा इथे वापरायचा नाही. १६० लिटरला एक ग्रॅम. त्याने अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅमच्या जवळपास जातो. सोबत जीवाणूंची एक बाटली घातली.

आणि मग रोज संध्याकाळी या नळ्या.

(दृश्य : खिडकीत ओळीने चाचणीच्या नळ्या. तारखा लिहिलेल्या चिठ्ठ्या.)

पहिली नळी अमोनियाची, गर्द हिरवी. नवव्या दिवशी हिरवा फिका पडला. त्याच दिवशी शेजारची नायट्राइटची नळी जांभळी झाली. म्हणजे जीवाणूंच्या पहिल्या तुकडीने अमोनियाचं नायट्राइट केलं होतं. नायट्राइटही माशाला घातकच. त्याचं नायट्रेट करणारी दुसरी तुकडी सावकाश येते. जांभळा रंग चौदाव्या दिवशी होता, अठराव्या दिवशी होता, पंचविसाव्या दिवशी होता. भाचा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी नळी बघायचा.

तेहतिसावा दिवस. नवसागर पुन्हा एक ग्रॅम टाकला, चोवीस तास थांबलो आणि दोन्ही नळ्या भरल्या.

(दृश्य : दोन नळ्या. एक पिवळी, एक फिकट निळी. तीन सेकंद आवाज नाही.)

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य.

तिसऱ्या नळीत नायट्रेट साठलेलं होतं. ते कमी करायला थोडं पाणी बदललं. मधल्या काळात वाळूवर ही तपकिरी साय चढली होती. हे डायटम, एक प्रकारचं अतिसूक्ष्म शेवाळ, नव्या टाकीत बहुतेक येतातच. औषध घालू नका. आम्ही सहा छोट्या गोगलगायी सोडल्या, काही आठवड्यांत साय ओसरली.

(दृश्य : अंधारी खोली. हिरव्या पाण्याच्या बाटल्या, त्यांत हवेचे बुडबुडे.)

ही बदलापूरकडची एक घरगुती हॅचरी आहे, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायची जागा. पोटमाळ्याएवढी खोली. आमच्या टाकीत येणार आहेत ते क्लाउनफिश, अंगावर पांढरे पट्टे असलेले छोटे मासे, इथे जन्माला येतात.

कॅमेरा जरा जवळ नेतो. या मडक्याच्या तुकड्यावर चिकटलेले दाणे दिसतात? अंडी आहेत. घातली तेव्हा ती केशरी होती. आज सातवा दिवस आहे आणि प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी ठिपके चमकतायत. ते डोळे आहेत. बाजूला लहान मासा पंखांनी सारखं वारं घालतोय, तो बाप. मधूनच एखादं मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकतो. मोठी दिसते ती मादी. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, जोडीतला मोठा असतो त्याची मादी होते. मादी गेली तर उरलेला नर तिची जागा घेतो.

अंडी रात्री फुटतात, दिवे मालवल्यावर. पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं, काचेच्या तुकड्यासारखं आरपार. त्याच्या तोंडात मावेल असं खाणं म्हणजे रोटिफर, डोळ्यांना धुळीसारखा दिसणारा जीव. रोटिफरला खायला या बाटल्यांतलं हिरवं शेवाळ. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी शेवाळ वाढवा, मग रोटिफर वाढवा, मग मासा. या साखळीतली एक कडी तुटली की पिल्लं उपाशी मरतात. पुढे आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खायला सुरू होतात आणि साधारण दोन आठवड्यांत अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. हा बघा, उमटतोय.

आपल्या देशात हे शास्त्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांनी वर्षानुवर्षं खपून बसवलं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी उभी राहिली. तरीही जगात विकल्या जाणाऱ्या सागरी शोभिवंत माशांच्या बहुतेक जाती आजही प्रवाळांतूनच पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून त्यासाठी सायनाइड फवारलं गेलं. मासा गुंगतो आणि हाती लागतो, प्रवाळ मरतं.

म्हणून दुकानात शिरताना माझा पहिला प्रश्न हाच असतो : हा मासा कुठे जन्मला? उत्तर नीट मिळालं नाही तर मी घेत नाही. निळा टॅंग नावाचा मासाही घेत नाही, तो फूटभर वाढतो आणि तीन फुटांत त्याला वळायलाही जागा पुरत नाही.

(दृश्य : एप्रिल. थर्मामीटर ३०.४. टाकीवर दोन छोटे पंखे.)

एप्रिलमध्ये पाणी तिशीपार गेलं. आपल्याला २५ ते २७ हवं. पंख्याने पाणी वाफ होऊन दोन अंश उतरतं, पण मुंबईच्या दमट हवेत त्याहून फार उतरत नाही. शेवटी चिलर घ्यावाच लागला. या छंदातला मोठा खर्च तोच, आधी धरून चाला.

वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. काचेवर ही काळी रेघ आखली आहे. पाणी रेघेखाली गेलं की साधं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. ते काम आईने स्वतःकडे घेतलं आहे. देवपूजा झाली की तांब्याने.

वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप आहे. आणि मुख्य स्विच बंद करून एकदा बघाच, पाणी उलटं वाहून स्टॅण्डखालच्या, पाणी गाळणाऱ्या छोट्या टाकीतून सांडत नाही ना. आमच्याकडे एका रात्री सांडलं. चित्रण सकाळचं आहे, गॅलरीत वाळत घातलेली सतरंजी.

(दृश्य : प्लास्टिकचा डबा, त्यात दोन छोटे क्लाउनफिश.)

बदलापूरचे दोन मासे आले ते आधी या वेगळ्या डब्यात चार आठवडे राहिले. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येत नाहीत ना, रोज खातात ना, एवढंच बघायचं. ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरला तर तिथे तांब्याचं औषध घालता येत नाही, गोगलगायी मरतात.

मे महिन्याचा पहिला रविवार. नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब डब्यात सोडलं, तासभर. थेंबांचा हा आवाज आम्ही तसाच ठेवला आहे.

(दृश्य : भाच्याचे हात, जाळीत मासा. पाण्यात उतरतो. संगीत नाही.)

पहिला दगडामागे गेला. दुसरा तिथेच थांबला.

आईने तांब्या बाजूला ठेवला.

(दृश्य : रात्र. निळा दिवा मंद होतोय. वरच्या कोपऱ्यात दोन मासे, अंग थोडं कलतं करून.)

समुद्रात क्लाउनफिश समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, आसऱ्याला राहतात, पण घरच्या टाकीत त्यांना ते हवंच असं नाही. या दोघांनी वरचा डावा कोपरा धरला आहे, आणि दिवा मालवला की ते तिथेच असे कलंडून स्थिर होतात. पहिल्या रात्री भाचा घाबरला होता. आता तो रोज झोपायच्या आधी एकदा येतो, काचेला नाक लावतो आणि हळूच सांगतो, "आजी, झोपले गं."