खिळ्यावर चढलेले तांबे

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या दोन दिवस आधी आमच्याकडे तांब्याची घागर, ताम्हन आणि पळी-पंचपात्र कोकमाची सोले व मीठ लावून घासत असत. (बाजारातल्या पावडरीपेक्षा सोलेच बरी, हे माझे मत कोणी विचारले नाही तरी मी सांगतोच.) घासून उरलेली सोले आणि त्यांचे आंबट पाणी आजी मडक्यात ठेवून देई, कारण दुसऱ्या दिवशी समया घासायच्या असत. एका वर्षी त्या मडक्यात मी आंब्याच्या पेटीचा लोखंडी खिळा टाकला आणि विसरून गेलो. सकाळी बाहेर काढला, तर खिळा माथ्यापासून टोकापर्यंत तांबूस झालेला! तांब्याचा खिळा म्हणून तो मी वाडीभर दाखवत हिंडलो. शेवटी एका शहाण्या मित्राने तो जांभ्याच्या पायरीवर दोनदा घासला आणि खालचे काळे लोखंड उघडे पडले. आजी म्हणाली, "मेल्या, घागरीचा तांबा खिळ्यार चढला, आनी काय!"

ते अक्षरशः खरे होते. घागरीवरचा काळा थर म्हणजे मुख्यतः तांब्याचे ऑक्साइड. ते आंबटात विरघळले, आणि लोखंड त्या पाण्यात उतरू लागताच त्याच्या जागी तांबे बसले. आधी विरघळवायचे, मग परत मिळवायचे, एवढेच ध्यानात ठेवा.

खाणीवरही हीच युक्ती चालते. ज्या खनिजात तांबे जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनामागे 5 किलो असते, ते सगळे भट्टीत वितळवणे परवडत नाही. म्हणून त्याचा चुरा जाड प्लॅस्टिकवर ढीग करून रचतात आणि वरून सौम्य सल्फ्युरिक आम्ल महिनोन्‌महिने ठिबकत ठेवतात. ऑक्साइडयुक्त खनिज लवकर विरघळते. गंधकयुक्त खनिजाला वेळ लागतो, तिथे काही जिवाणू मदत करतात. खनिजात चुनखडी फार असेल, तर तीच आम्ल खाऊन टाकते. तळाशी जमलेले निळसर पाणी पूर्वी भंगार लोखंडावरून सोडत, म्हणजे माझा खिळाच. आता त्यातले तांबे आधी सेंद्रिय द्रावकात (पाण्यात न मिसळणाऱ्या, रॉकेलसारख्या द्रवात) ओढून घेतात आणि मग विजेच्या साहाय्याने पत्र्यावर चढवतात. पुन्हा तेच: आधी विरघळवायचे, मग परत मिळवायचे.

चिलीच्या कोरड्या वाळवंटात हे ढीग उघड्यावर सुखाने उभे राहतात. आपल्याकडे मात्र आषाढातल्या एका रात्रीच्या पावसाने आम्लाची तळी भरून वाहू लागतील आणि ते पाणी व्हाळातून भातखाचरांत, तिथून खाडीत उतरेल.