ऑनलाइन धंद्याची कार्यशाळा: लोगो नंतर, आधी पार्सल बांधा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कॉलेजात ऑनलाइन व्यवसायाची कार्यशाळा घेताय? मग पहिल्या दिवशी नाव आणि लोगो ठरवत बसू नका. पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक खरी वस्तू, खोका, मोजपट्टी आणि वजनकाटा द्या.

वस्तू कोणती? कुंदा सगळ्यांना आधी सुचतो, पण तो दुधाचा. उन्हाळ्यात वाटेतच बिघडू शकतो. गोकाकचं करदंट गूळ, डिंक, सुकामेव्याचं असल्याने जास्त टिकतं. मात्र खाण्याच्या वस्तूला अन्नसुरक्षा नोंदणी हवी, तिचा 14 अंकी क्रमांक वेष्टनावर हवा. म्हणून शिकायला चामड्याची चप्पल बरी. कोल्हापुरी चपलेचं 2019 चं भौगोलिक मानांकन (म्हणजे ठरावीक भागात बनलेल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) महाराष्ट्रातल्या 4 आणि कर्नाटकातल्या 4 जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्यात बेळगाव आहे. जाहिरातीत कारागिराचं गाव अभिमानाने लिहा. रेक्झिनची, म्हणजे नकली चामड्याची चप्पल कोल्हापुरी म्हणून विकू नका. कारागिराच्या पोटावर पाय येतो.

आता खोका मोजा. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक वेळा 5000 ने भागतात. आलेला किलोतला आकडा आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. 30 × 20 × 12 चा खोका म्हणजे 1.44 किलो. आत चप्पल 700 ग्रॅमची! तीच 30 × 12 × 10 च्या खोक्यात बसवली तर 0.72 किलो. हे गणित मुलांना फळ्यावर करायला लावा.



समजा, एका जोडाची विक्री 850 रुपये. कारागिराला 600, पॅकिंग 25, कुरियर 90. हातात राहिले 135. दहा जोड विकले की 1350. आता या दहांपैकी, माल पोचल्यावर पैसे देणाऱ्या दोघांनी पार्सल घेतलंच नाही असं धरा. जाण्यायेण्याचं 180 आणि पॅकिंग 25, म्हणजे प्रत्येकी 205 गेले. आठ जोडांचे 1080, वजा 410, उरले 670. चार परत आले तर उलट 10 रुपये तोटा. धंदा बुडतो तो इथे, फोटो चांगले नव्हते म्हणून नाही.

पार्सल परत येण्याचं मोठं कारण म्हणजे माप. गिऱ्हाइकाला कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये पाठवायला सांगा. नवं चामडं घट्ट बसतं, वापराने सैल होतं, हेही मराठीत आणि कन्नडात लिहा. आपल्याकडे दोन्ही भाषांतलं गिऱ्हाईक आहे.

आपल्या भागातली खरी अडचण सीमेची. बेंगळुरूला माल पाठवला तर तो राज्यातच राहतो. वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन बाजारपेठेवरून विकतानाही ऑक्टोबर 2023 पासून ही सवलत आहे, फक्त जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पण शेजारचं कोल्हापूर परराज्य! तिथे माल विकायला उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे, तिच्या अटी कर सल्लागाराला बोलावून मुलांसमोरच समजून घ्या.

शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाने एक पार्सल खरोखर दुसऱ्या गावी पाठवावं आणि पोचल्यावर, उघडण्याआधी, खोक्याचे फोटो मागवावेत. कोपरे चेपले असतील तर पुढच्या वेळी जाड पुठ्ठा घ्या आणि कुरियरचा खर्च नव्याने मांडा.