गॅस गेला कुठे?

(दृश्य: खाडीवरून दिसणारी इमारतींची रांग. प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर टांगलेले एसीचे डबे.)

मे महिना, दुपारचे अडीच. कळव्यात खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीचा चौथा मजला. पंखा पाचवर, खिडक्या सताड उघड्या. भिंतीवरचा दीड टनाचा स्प्लिट एसी सोळावर लावलाय, तरी नुसता वारा फेकतोय.

मेकॅनिक बाल्कनीत वाकून बसलाय. बाहेरच्या युनिटला त्यानं गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं, काटा पाहिला.

"काकू, गॅस संपलाय."

काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन बिलांच्या पिशवीतून दोन पावत्या घेऊन आल्या. "गेल्या मेमध्ये भरला होता की रे. त्याच्या आदल्या मेमध्येसुद्धा."

(दृश्य: पावती जवळून. बॉलपेननं लिहिलेली एकच ओळ: 'गॅस चार्जिंग'.)

एसी दुरुस्तीतलं सगळ्यात महागडं वाक्य कोणतं, असं मला विचाराल तर ते हेच. कारण एसीतला गॅस संपत नसतो. सिलिंडरमधला संपतो, कारण तो जळतो. एसीतला नळीतून नुसता फिरत राहतो. आत आला की खोलीतली उष्णता घेतो, बाहेर गेला की ती टाकतो, परत आत येतो. घरातल्या फ्रिजचंही तेच तत्त्व. बारा वर्षांच्या फ्रिजमध्ये तुम्ही किती वेळा गॅस भरलाय, आठवून बघा.

मग एसीतच तो कमी का होतो? फ्रिजचे जोड कारखान्यात झाळून पक्के केलेले असतात. स्प्लिट एसी मात्र दोन तुकड्यांत घरी येतो आणि त्याची तांब्याची नळी तुमच्या भिंतीवर जोडली जाते. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवायचं आणि त्यावर पितळी नट आवळायचा. याला फ्लेअर म्हणतात. सीझनमध्ये एका घरातून दुसऱ्या घरी पळणाऱ्या माणसाच्या हातून हे तोंड जरा तिरकं फाकलं, की तिथून गॅस झिरपायला लागतो. इतका हळू, की थंडावा कमी झालाय हे कळायला पुढचा उन्हाळा उजाडतो.

(दृश्य: नटावर स्पंजनं लावलेला साबणाचा फेस. काही क्षण काहीच नाही. मग एक बुडबुडा फुगतो.)

भांड्याचा साबण आणि पाणी. खर्च रुपया-दोन रुपये. पण हा बुडबुडा दिसेपर्यंत थांबायला वेळ लागतो आणि मे महिन्यात कुणाकडेच वेळ नसतो. मेकॅनिककडेही नाही, घामाघूम झालेल्या घरमालकाकडे तर नाहीच. म्हणून वरचेवर टॉप-अप होतो. मुंबई-ठाण्यात गॅस भरायचे साधारण अडीच ते साडेतीन हजार घेतात. दोन उन्हाळे हे केलं, की गळती तशीच राहते आणि पाच ते सात हजार हवेत जातात. शब्दशः हवेत. नव्या एसीत बहुतेक आर-३२ असतो आणि तापमानवाढीच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी आहे. जुन्या एसीतला आर-२२ तर १८०० पटींच्या आसपास.

नीट केलेलं काम ओळखायचं कसं? आधी गळती सापडली पाहिजे. फेसानं सापडली नाही, तर नळीत नायट्रोजन दाबानं भरून बघतात. जोड दुरुस्त झाला की व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढायची. हा पंप वीस मिनिटं, अर्धा तास घरघरत राहतो आणि नेमकी हीच पायरी सर्रास गाळली जाते. कोकणपट्टीतल्या दमट हवेतली ओल नळीत राहिली, तर ती कॉम्प्रेसरमधलं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या यंत्रातलं तेल बिघडवते. आज वाचलेला अर्धा तास पुढे कॉम्प्रेसरच्या बिलात वसूल होतो. शेवटी गॅस भरायचा तो वजनकाट्यावर, सिलिंडर ठेवून. बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेलं असतं. भाजीवाल्याकडे आपण काट्यावर डोळा ठेवून उभे राहतो. इथेही उभं राहायला हरकत नाही.

(दृश्य: जाळीदार फिल्टर. नळाखाली धरल्यावर ओघळणारं काळं पाणी.)

गॅसवर बोट ठेवण्याआधी फुकटातली गोष्ट बघा. फिल्टर धुळीनं बुजला, की आतल्या कॉइलवरून, म्हणजे गॅसच्या नळीच्या वेटोळ्यावरून हवा पुरेशी जात नाही. कॉइलवर बर्फ धरतो, थंडावा कमी होतो आणि भिंतीवरून पाणी ओघळतं. घरच्याला वाटतं, गॅस गेला. फिल्टर नळाखाली धुवायला दहा मिनिटं पुरतात.

बाहेरचं युनिट नुसतं हुंकारतंय, सुरूच होत नाही? साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. बदलायला साताठशे रुपये. हाच बिघाड 'कॉम्प्रेसर गेला' म्हणून दहा-पंधरा हजारांना खपवला जाऊ शकतो. म्हणून म्हणायचं, "दादा, आधी कपॅसिटर मीटरवर दाखवा." त्यावर ४५ छापलेलं असेल आणि मीटर ३० दाखवत असेल, तर चोर सापडला. मात्र हे काम त्यालाच करू द्या. बटण बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतो.

इन्व्हर्टर एसीचं दुखणं वेगळं. वीज कमी खातो, पण त्याचा जीव पीसीबीत, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डात. आपल्याकडे या बोर्डाचे दोन शत्रू, विजेचा चढउतार आणि पाल. हसू नका. उबेला आलेली पाल दोन टोकांवर आडवी होते आणि पालीसकट बोर्ड जातो. नवा बोर्ड पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत. दुरुस्त करून देणारे असतात, दोन-तीन हजारांत. वॉरंटी संपली असेल तर आधी त्यांच्याकडे जावं, असं माझं मत.

वॉरंटीचंही बारीक अक्षर वाचा. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षं' याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी, नेणं-आणणं तुमच्या खिशातून. पक्कं बिल घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो, पण उद्या वाद झाला आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करायची वेळ आली, तर हातात तोच कागद असतो.

(दृश्य: खिडकीबाहेरच्या अरुंद छज्ज्यावर उभा माणूस. एक हात ग्रिलला, दुसऱ्या हातात पाना.)

एक रक्कम मात्र घासाघीस न करता द्या. युनिट बाहेर टांगलेलं असेल तर उंचीचे वेगळे पैसे मागतात. आधी कमरेला पट्टा आणि दोर आहे का ते बघा. नसेल तर त्याला बाहेर उतरू देऊ नका, एसी उद्या चालू होईल. नवीन बसवताना युनिट हात पोचेल अशा जागी लावलं, तर हा खर्चही नाही आणि धोकाही नाही.

(दृश्य: परत कळवा. जमिनीवर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर उघडलेलं इनडोअर युनिट.)

काकूंच्या घरी नटांवर फेस लावून झाला. बुडबुडा नाही. मग मेकॅनिकनं आतल्या कॉइलवर टॉर्च मारला. तांबं लालसर दिसायला हवं होतं, ते दिसत होतं काळं.

त्यानं विचारलं ते एसीबद्दल नव्हतं. "काकू, देवातली चांदी काळी पडते का हो?"

"पडते ना! महिन्याला घासते. नाल्याच्या वासानं होतं म्हणतात."

काकू बरोबर होत्या. उघडा नाला आणि साचलेली खाडी यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड चांदी काळी करतो, तसाच तांब्याला खातो. कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, एक नव्हे, अनेक. एक झाळलं की शेजारचं उघडतं. इथे टॉप-अप म्हणजे चाळणीत पाणी.

दोन रस्ते होते. कॉइल बदलायची, गॅससकट दहा-बारा हजार. किंवा एसी मोडीत काढायचा. एसी पाच वर्षांचा, कॉम्प्रेसर ठणठणीत. आर-२२ वर चालणारा दहा वर्षांचा जुना डबा असता, तर त्यात पैसे घालू नका असंच मी म्हटलं असतं. काकूंनी कॉइल बदलायला सांगितली, गंजरोधक लेपाची मिळाली तर तीच आण, असंही बजावलं.

(दृश्य: देव्हारा. अर्धं घासलेलं चांदीचं निरांजन. मागून व्हॅक्यूम पंपाची घरघर.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी पंप लागला. काकू घड्याळ बघत पाटावर बसल्या. वीस मिनिटांनी त्यानं पंपाच्या बटणाकडे हात नेला.

"असू दे अजून दहा मिनिटं," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."