बरडावरचं शिलावर्तुळ

नमस्कार, श्रोतेहो. नागपूरहून काटोलकडे निघालं की जुनापाणी लागतं. तिथल्या बरडावर मोठाल्या धोंड्यांची तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोखंड वापरणारी माणसं इथं आपले मृत पुरत, वर दगडमाती भरत आणि भोवती धोंड्यांचं कडं करत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांवर लेख लिहिला. पुढे जवळच्याच माहुरझरीला तर घोड्याची हाडं आणि त्याचे तांब्याचे दागिने निघाले. जुनापाणी संरक्षित आहे. मला घोर लागतो तो आडवाटेच्या, कुठल्याच नोंदीत नसलेल्या वर्तुळांचा.

असंच एक पाहायला गेल्या हिवाळ्यात गेलो. गावाचं नाव सांगत नाही. गोट्यांखाली सोन्याचा हंडा आहे म्हणून रात्री खोदणारे आपल्याकडे कमी नाहीत. बहुधा हाती लागतात गंजकी लोखंडी हत्यारं, काळ्या-तांबड्या मडक्यांची खापरं आणि हाडांचा चुरा. पण वर्तुळ कायमचं जातं.

वाट एका गुराख्याने दाखवली. "ते गोट्याचं खळं नं? चाला." गवत वाळलेलं होतं म्हणून बरं; पावसाळ्यात गुडघाभर उंचीचा धोंडाही हरवतो.

आधी होकायंत्राने उत्तर धरली आणि उत्तरेच्या धोंड्यापासून उजवीकडे फिरत एकेकाला क्रमांक दिला. क्रमांक वहीतच! दगडावर खडू-रंग काही लावायचं नाही. मग टेप आडवी-उभी ताणली: उत्तर-दक्षिण साडेबारा मीटर, पूर्व-पश्चिम बाराला थोडं कमी. पूर्वेला कडं तुटलेलं होतं. तिथले धोंडे शेजारच्या शेताच्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, सापडले. खालचा हातभर भाग फिकट, वरचा काळपट. जमिनीत किती गाडलेले होते ती रेघ अजून त्यांच्या अंगावर आहे. त्यांची जागाही नकाशात मांडली.

दुपारच्या उन्हात धोंडे साधेच दिसत होते. दिवस कलल्यावर टॉर्च आडवा धरला, तेव्हा एकावर वाटीसारख्या उथळ खळग्यांची ओळ उमटली. जुनापाणीच्या धोंड्यांवरही असे खळगे आहेत, आणि काही अभ्यासक त्यांच्या दिशांचा संबंध आकाशाशी जोडतात. मला ते मोहक वाटतं, पण नोंद करणाऱ्याने खळगे मोजावेत, ओळीची दिशा लिहावी, फोटोत मोजपट्टी ठेवावी आणि तिथेच थांबावं.

तुमच्या शिवारात असा गोल असेल तर मोबाइलवर त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, शेतमालकाशी बोला आणि माहिती पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला कळवा. नांगरणीच्या आधी कळवलंत तर उत्तम.