नऊ धावल्या, अकरा मोजल्या

[पडद्यावर जुनी कृष्णधवल फिल्म. आवाज नाही.]

ॲमस्टरडॅम, २ ऑगस्ट १९२८. बायकांची ८०० मीटरची अंतिम फेरी. ऑलिंपिकच्या मैदानी खेळांत, म्हणजे धावणं, उडी, फेक यांत, बायका याच वर्षी पहिल्यांदा उतरल्या होत्या. वाट्याला प्रकार आले पाच, आणि त्यांतली ही सगळ्यांत लांब धाव.

ही बघा, जर्मनीची लीना राडके. २ मिनिटं १६.८ सेकंद. विश्वविक्रम. पाठोपाठ जपानची किनुए हितोमी, मग स्वीडनची इंगा गेंट्झेल.

[वर्तमानपत्रांची कात्रणं.]

आता पेपरात काय छापून आलं ते ऐका. एका अमेरिकी वार्ताहरानं लिहिलं की अकरा बिचाऱ्या बायका धावत होत्या, पाच जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली आणि पाच जणी शेवटी कोसळल्या.

निकालपत्रात नावं नऊ आहेत. धावल्या नऊ, पोहोचल्याही नऊ.

१९८०च्या दशकात लिन एमरी या अमेरिकी क्रीडा-इतिहासकारांनी ही शर्यत पुन्हा तपासायला घेतली. पुढे इतरही अभ्यासक त्या वाटेनं गेले. निकालपत्रं, बातम्या आणि ही फिल्म शेजारी शेजारी ठेवली, की बातम्यांचं बिंग फुटतं.

[फिल्म मागे जाते. पुन्हा शेवटची रेषा.]

इथे एक जण पडते. आणि ही उठली. बाकीच्यांना धाप लागली आहे, एवढंच. ऊर फुटेस्तोवर धावल्यावर धाप लागणार नाही तर काय?

आणि या दोघींकडे नीट बघा. कॅनडाच्या. बॉबी रोझेनफेल्डच्या अंगात अजून जोर आहे. पण संघातली सतरा वर्षांची जीन थॉम्पसन मागे पडू लागली, तशी बॉबी तिच्या बरोबरीनं धावते आणि रेषेपाशी तिलाच पुढे जाऊ देते. चौथी जीन, पाचवी बॉबी. मरगळून पडायच्या बेतात असलेली बाई असा हिशेब करत धावते का?

मग पेपरवाल्यांना दिसलं ते काय होतं? ते आधीच ठरलेलं होतं. बाईच्या अंगातली ताकद मोजकी, ती मुलं जन्माला घालण्यासाठी राखून ठेवावी, असं तेव्हाचे नामवंत डॉक्टरही सांगत. खरं तर १९२२ साली पॅरिसला, बायकांच्या खेळांसाठी झटणाऱ्या फ्रान्सच्या ॲलिस मिलिया यांच्या संघटनेनं बायकांच्या वेगळ्या स्पर्धा भरवल्या, त्यांत बायका १००० मीटर धावल्याही होत्या. पण समजूत पक्की असली की पुराव्याकडे बघतो कोण!

[लंडन, १९०८. पिएत्रीचं छायाचित्र.]

पुरुष पडला तर? ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये इटलीचा डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये शिरला आणि अनेकदा कोसळला. पंचांनी हात दिला म्हणून तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं त्याला चषक दिला, जगभर कौतुक झालं. मॅरेथॉन बंद करा, असं त्याच्याकडे बोट दाखवून कुणी ठरवलं नाही.

८०० मीटर मात्र बंद झाली. १९३२ आणि १९३६च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची सगळ्यांत लांब वैयक्तिक धाव होती १०० मीटरची! १९४८ला २०० मीटर आली. तोवर राडके, रोझेनफेल्ड यांची धावायची वयं निघून गेली. हितोमी तर राहिलीच नाही. १९३१ साली ती वारली, चोविसाव्या वर्षी. तारीख होती २ ऑगस्ट.

[रोम, १९६०. पुन्हा ट्रॅक.]

बत्तीस वर्षांनी ८०० मीटर परत आली. ऑस्ट्रेलियाची डिक्सी विलिस अंतिम फेरीत आघाडीवर होती. शेवट जवळ आला असताना तिचा तोल गेला, ती ट्रॅकबाहेर गेली, शर्यत पुरी करू शकली नाही. सोव्हिएत संघाची ल्युडमिला शेव्त्सोवा जिंकली.

या वेळी शर्यत रद्द झाली नाही. दोन वर्षांनी, पर्थमध्ये, विश्वविक्रम विलिसच्या नावावर लागला. २ मिनिटं १.२ सेकंद.